इंजिन घरचं की भाड्याचं?

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी या कंपनीने नवा दर जाहीर केला आणि जगभरच्या गेम बनवणाऱ्यांची झोप उडाली. तोवर युनिटीचं इंजिन वापरायचं तर माणशी वर्गणी भरायची, किंवा छोट्या स्टुडिओने फुकट आवृत्ती घ्यायची. गेम किती लोकांनी उतरवून घेतला याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. नव्या नियमात ते आलं. फुकट आवृत्तीवाल्यांनी वर्षाला दोन लाख डॉलरची कमाई आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल अशा दोन्ही मर्यादा ओलांडल्या, की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला वीस सेंटपर्यंत मोजायचे. साठ डॉलरला गेम विकणाऱ्याला वीस सेंट म्हणजे किरकोळ. आपल्याकडे मोबाइल गेम फुकट वाटला जातो, तो लाखो लोक घेतात, त्यांतले बहुतेक जण दोन दिवसांत काढून टाकतात आणि खिशात हात घालणारे अगदी मोजके असतात. अशा बाजारात इन्स्टॉलमागे पैसे म्हणजे धंदा वाढेल तसा तोटा वाढणार.

ओरड झाली. दहा दिवसांत अटी सैल झाल्या, ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉन रिचितिएलो पायउतार झाले, आणि बरोबर वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, तो दर पूर्णपणे मागे घेतला गेला. पण मधल्या काळात एक जुना प्रश्न पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला: आपलं इंजिन आपणच का बनवू नये?

जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात, बेल्हे-आळेफाट्याच्या बाजूला, या प्रश्नातली मेख वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कालव्याला आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे खात्याच्या हाती. ज्याला ते सोसत नाही तो स्वतःची विहीर खणतो. आणि पाणी लागेपर्यंत विहीर खणणाऱ्याचं काय काय गहाण पडतं, हेही इथल्या घराघरांत माहीत आहे.

बेल्ह्याला बांगरवाडीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, संगणक शाखा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे विषय निघाले की या भागातली दोन-चार मुलं तरी ‘गेम इंजिन’ हा विषय काढतातच. त्यांना उत्तर द्यायचं तर हौसेने देता येत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी घरचं इंजिन बनवलं त्यांचं काय झालं, हे एकदा नीट बघावं लागतं.

आधी इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात. पडद्यावर चित्र काढणं, दोन वस्तू आदळल्या की काय व्हावं ते ठरवणं, आवाज, पात्रांच्या हालचाली, मेमरीचा हिशेब, नेटवर्क, असं सगळं जे प्रत्येक गेमला लागतं पण कुठल्याच एका गेमचं नसतं, ते इंजिन. १९९३ च्या ‘डूम’पासून हा भाग वेगळा काढून दुसऱ्यांना भाड्याने देता येतो हे धंद्याला कळलं. १९९८ मध्ये ‘अनरील’ आलं, पुढे युनिटी आली. आज अनरील घेतलं तर एका गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत काही द्यावं लागत नाही, त्यानंतर पाच टक्के. गोडो या इंजिनचा कोड तर २०१४ पासून खुलाच आहे, एक पैसाही नाही. एवढं सगळं बाजारात असताना मोठमोठे स्टुडिओ स्वतःचं इंजिन बनवायला गेले आणि त्यांतल्या अनेकांना घाम फुटला.

घाम कुठे फुटला हे पाहण्यासारखं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, अवघड भाग चित्राचा असणार: पाण्यावरचं ऊन, केसांची हालचाल वगैरे. प्रत्यक्षात बुडालेल्या आणि गटांगळ्या खाल्लेल्या प्रकल्पांत चित्र बहुतेक वेळा उत्तमच होतं. अडलं ते अवजारांपाशी. इंजिनला जोडून एक एडिटर असतो, त्यात प्रोग्रामिंग न येणारी माणसं काम करतात: नकाशे मांडणारे, दिवे लावणारे, पात्रांना कपडे चढवणारे. एका प्रोग्रामरमागे अशी कितीतरी माणसं. त्यांचा हात अडला की स्टुडिओ अडतो.

‘डेस्टिनी’ बनवणाऱ्या बंजी या स्टुडिओचं २०१५ मध्ये बाहेर आलेलं वर्णन या बाबतीत बोलकं आहे. नकाशातली एक वस्तू जराशी सरकवायची तर डिझायनरने रात्री नकाशा चढवायला लावून घरी जायचं. आठ तासांनी, मधे काही फिसकटलं नसेल तर, सकाळी तो उघडायला घ्यायचा, उघडायला वीसेक मिनिटं. मग वस्तू सरकवायची, आणि ती बरोबर सरकली की नाही हे दिसायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. अशा इंजिनवर गेम सुंदर दिसूही शकतो, आणि ‘डेस्टिनी’ दिसतही होताच. पण दिवसाला पन्नास दुरुस्त्या करून जी गोष्ट रंगत जाते, ती दिवसाला चार दुरुस्त्यांत रंगत नाही.

दुसरा नमुना बायोवेअरचा. हे कॅनडातलं नाव कथाप्रधान गेमसाठी प्रसिद्ध. त्यांची मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. तिच्या छत्राखाली स्वीडनच्या डाइस स्टुडिओने ‘बॅटलफील्ड’साठी फ्रॉस्टबाइट हे इंजिन बनवलं होतं. घरात इंजिन असताना बाहेरच्याला पैसे का द्यायचे, हा मालकाचा विचार हिशेबाने चुकीचा म्हणता येणार नाही. पण फ्रॉस्टबाइट बंदुकीच्या गेमसाठी जन्मलेलं. त्यात नायकाची झोळी नव्हती, म्हणजे तलवार, औषधं, चिलखत गोळा करून ठेवायची सोय नव्हती. कथाप्रधान गेमला लागतो तसा खेळ मधेच जतन करायचा मार्ग नव्हता. चार पायांच्या जनावराला चालवायची व्यवस्था नव्हती, आणि यांना घोडे हवे होते. २०१४ चा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’, २०१७ चा ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’, २०१९ चा ‘अँथम’, तिन्ही वेळा हीच मारामारी झाली. पहिला गाजला, दुसऱ्यातल्या चेहऱ्यांची जगभर टिंगल झाली, तिसरा आपटला. अडचण आली की मदत मागायची ती स्वीडनमधल्या चमूकडे, आणि त्यांच्या दारात कंपनीचे इतर स्टुडिओही रांगेत उभे. इंजिन घरचं होतं, पण ज्या घरात ते वापरायचं त्या घरचं नव्हतं.

जपानच्या स्क्वेअर एनिक्सची कथा तर विनोदी वाटावी अशी. २०१० मध्ये त्यांनी ‘फायनल फँटसी १४’ हा हजारो लोकांनी एकत्र खेळायचा गेम आणला, घरच्या क्रिस्टल टूल्स या इंजिनवर. तो इतका रखडत चालायचा, की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. दुरुस्तीची जबाबदारी आलेल्या नाओकी योशिदा यांनी पुढे सांगितलेल्या कारणांत एक फुलांची कुंडी होती. रस्त्याकडेला ठेवलेल्या त्या शोभेच्या कुंडीला तब्बल एका खेळाडूच्या पात्राइतके, म्हणजे हजारेक बहुकोन दिले होते. तुळतुळीत कुंडी करणारा कलाकार आपलं काम चोख करत होता. ही कुंडी फार महाग पडते आहे असं त्याला सांगणारं अवजार इंजिनात नव्हतं, आणि सांगणारा माणूसही नव्हता. शेवटी तो सगळा खेळ गुंडाळून ऑगस्ट २०१३ मध्ये नव्या इंजिनवर नव्याने उभा केला, आणि तो आजही जोरात चालतो. नंतर याच कंपनीने ल्युमिनस नावाचं आणखी एक इंजिन बनवलं, त्यासाठी २०१८ मध्ये वेगळा स्टुडिओ काढला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा ‘फोरस्पोकन’ पडल्यावर काही महिन्यांत तो स्टुडिओ मूळ कंपनीत विरघळवून टाकला. पुढच्याला ठेच लागूनही मागचा शहाणा झाला नाही.

‘सायबरपंक २०७७’ बद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की दोन ओळी पुरेत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने गेम आणि इंजिनची नवी आवृत्ती एकाच वेळी बांधायला घेतली. १० डिसेंबर २०२० ला गेम बाजारात आला, आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. त्यांनी पुढे गेम दुरुस्त करून नाव परत मिळवलं, पण मार्च २०२२ मध्ये इथून पुढे अनरील वापरू, हेही जाहीर करून टाकलं.

मायक्रोसॉफ्टच्या ३४३ इंडस्ट्रीजकडे पैशाची चणचण नव्हती, तरीही ‘हेलो इन्फिनिट’चं स्लिपस्पेस इंजिन त्यांना पेललं नाही. गेम वर्षभर लांबून डिसेंबर २०२१ मध्ये आला. तिथल्या कामाची बरीच भिस्त कंत्राटी माणसांवर होती आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमाने कंत्राटी माणसाला अठरा महिन्यांनी बाहेर पडावं लागे. अनरील शिकलेला माणूस बाजारात मिळतो. घरचं इंजिन शिकलेला माणूस फक्त घरातच तयार होतो, त्याला बरेच महिने लागतात, आणि हात बसतो न बसतो तोच इथे त्याची मुदत भरत होती. मला या सगळ्या आढाव्यात हीच गोष्ट सर्वात महागडी वाटते. कोड जुना झाला तरी वाचता येतो, पण ‘हे असं का केलं’ हे सांगणारा माणूस गेला की त्या कोडला कोणी हात लावू धजत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टुडिओचं नाव बदलून हेलो स्टुडिओज झालं आणि नव्या गेमसाठी अनरील घेतलं गेलं.

भाड्याचं इंजिन घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कॅनडाच्या सिलिकॉन नाइट्सने २००७ मध्ये अनरीलच्या मालकांवर, एपिकवर, खटला भरला: तुम्ही कबूल केलेलं इंजिन वेळेत दिलं नाहीत, म्हणून आम्हाला आमचं बनवावं लागलं. २०१२ मध्ये निकाल उलटा लागला. यांच्या ‘घरच्या’ इंजिनात अनरीलचाच कोड सापडला, ज्यूरीने पंचेचाळीस लाख डॉलरच्या आसपास भरपाई एपिकला द्यायला लावली, आणि न्यायालयाने त्या इंजिनवरच्या गेमच्या न विकलेल्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. भाडेकरूने मालकाच्या विटा काढून शेजारी घर बांधलं तर असंच व्हायचं.

मग घरचं इंजिन कोणाला फळलं? कॅपकॉम या कंपनीला फळलं. जानेवारी २०१७ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ७’ पासून त्यांचं आरई इंजिन एकेका गेमने वाढत गेलं. मात्र बंदिस्त वाड्यातून ते मोकळ्या रानात आणलं, तेव्हा २०२४ च्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ मध्ये त्यालाही धाप लागली. दुसरं उदाहरण मला अधिक आवडतं: प्रागमधल्या वुबे या छोट्या स्टुडिओचा ‘फॅक्टोरिओ’. कारखाना उभारायचा गेम, त्यात पट्ट्यांवरून लाखो सुटे भाग एकाच वेळी सरकत असतात आणि साध्या संगणकावर सगळ्यांचा हिशेब चोख राहतो. हे कुठलंही तयार इंजिन करून देत नव्हतं. तिथे इंजिन हाच गेम होता. शिवाय त्यांनी वर्षानुवर्षं एकच गेम घासला. दोन-तीन वर्षांत नवा माल आणायची सक्ती त्यांच्यावर नव्हती.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात या धंद्याचं केंद्र पुणे. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डोच्या स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून गेला. इंजिन अनरील. पैशाची एवढी ओढाताण असलेल्या चमूने इंजिनही स्वतः लिहायचं ठरवलं असतं, तर ‘राजी’ आपल्याला दिसलाच नसता असं माझं मत आहे. त्यांची मेहनत राजस्थानी वाडे, भित्तिचित्रांची रंगसंगती आणि बाहुल्यांच्या खेळाच्या ढंगाने सांगितलेली गोष्ट यांत गेली, आणि ते कुठल्याही इंजिनात तयार मिळत नव्हतं.

पुण्याच्या सुपरगेमिंगने वेगळी वाट धरली. ‘मास्कगन’, ‘सिली रॉयाल’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हे त्यांचे गेम. २०२२ मध्ये गुगल क्लाउडबरोबर भागीदारी जाहीर झाली तेव्हा त्यांच्या ‘सुपरप्लॅटफॉर्म’ला सरसकट ‘गेम इंजिन’ म्हटलं गेलं. पण ते चित्र काढणारं इंजिन नव्हे. खेळाडूंच्या जोड्या लावणं, गर्दी वाढली की सर्व्हर वाढवणं, प्रत्येकाचा हिशेब सांभाळणं, हे त्याचं काम. हा शहाणपणा आहे. स्वस्त फोन, मधेच तुटणारं नेट आणि संध्याकाळी आठनंतर एकदम उसळणारी गर्दी या आपल्या अडचणी. त्यांच्यावरचा उपाय कॅलिफोर्नियातून तयार येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता.

युबिसॉफ्ट या परदेशी कंपनीचं प्रकरण नाजूक आहे. पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ २००८ मध्ये त्यांच्याकडे आला, २०१८ मध्ये मुंबईत दुसरा निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये या दोघांच्या हातून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्या रूपात येणार अशी घोषणा झाली, आपल्या मुलांच्या वाट्याला आलेलं हे सर्वात मोठं काम. इंजिन कंपनीचं स्वतःचं, अँव्हिल, जे मॉन्ट्रिआलमध्ये ‘असॅसिन्स क्रीड’साठी वाढलं. पहिली झलक पाहून प्रेक्षकांनी नाकं मुरडली, तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर, मार्चवरून बेमुदत गेली, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रिआलकडे सोपवलं गेलं. तेव्हा समाजमाध्यमांवर ‘भारतीयांना जमलं नाही’ असा शेरा मारून लोक मोकळे झाले. एवढ्यावरून तसा निकाल देणं मला पटत नाही. घरचं इंजिन दुसऱ्या खंडात असलं की काय होतं, ते कॅनडातल्या बायोवेअरने अनुभवलंच होतं, आणि त्यांना कोणी जातकुळी विचारली नव्हती.

पूर्णपणे स्वतःचं इंजिन बनवून गेम बाजारात आणणारं एक भारतीय उदाहरण भोपाळचं आहे. पायरोडॅक्टिल गेम्सचा ‘अनरेस्ट’, जुलै २०१४. प्राचीन भारतासारख्या एका दुष्काळी राज्याची, संवादांवर चालणारी कथा. इंजिन साधं, द्विमितीय, गेमला लागेल तेवढंच. पुढे त्यांनी कोड खुला केला आणि जुने गेम नव्या संगणकांवर चालवणाऱ्या स्कमव्हीएम प्रकल्पात तो सामावला गेला. आपल्याकडे याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

मराठी माणसाला इंजिनचा सर्वात जवळून बसणारा चटका मात्र अक्षरांचा आहे. युनिटीत लिहिलेला मजकूर वर्षानुवर्षं टेक्स्टमेशप्रो या भागातून पडद्यावर येतो. त्यात ‘किल्ला’ टाइप करा. पहिली वेलांटी ‘क’च्या आधी यायला हवी, ती ‘क’ उलटून गेल्यावर येते. ‘ल्ल’ जोडला जात नाही, पाय मोडलेला ‘ल’ आणि त्याच्या शेजारी दुसरा ‘ल’ असे दोघे सुटे उभे राहतात. ‘सर्व’ मधला रफार ‘व’च्या डोक्यावर चढतच नाही. युनिकोड बरोबर असतो, फॉन्टही बरोबर असतो, पण अक्षरांची जुळणी करणारा टप्पाच तिथे नाही. मग मुलं काय करतात? कोणी मजकुराचं चित्र करून चिकटवतं, कोणी डीटीपीवाल्यांच्या जमान्यातला कृतिदेवसारखा फॉन्ट वापरतं, कोणी सरळ इंग्रजीत गेम काढून मोकळं होतं. अनरीलमध्ये हार्फबझ नावाची खुली प्रणाली हे काम करते. गोडोच्या जुन्या आवृत्तीत हीच रड होती. मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ आलं आणि मराठी सरळ दिसू लागली. त्यासाठी नवं इंजिन लागलं नाही. असलेल्या इंजिनात एक भाग नीट बसवावा लागला.

बाजारात मिळतं ते घ्यायचं आणि मिळत नाही तेवढंच स्वतः करायचं, याचा उत्तम वस्तुपाठ बेल्ह्याहून फार लांब नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचे संकेत सतत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. आधी हे खास बनवलेल्या चिपांवर होई, मग २०१० च्या सुमारास तयार सर्व्हरांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने होऊ लागलं. पुढच्या सुधारणेत, एका वेळी ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळायचा होता तेव्हा, त्यांनी ग्राफिक्स कार्डं वापरली. गेम खेळणाऱ्या पोरांच्या हट्टापायी जी चिप वेगवान होत गेली, तीच आता खोडदला आकाशगंगा ऐकायला बसली आहे. कार्डं विकतची, गणित आणि जोडणी स्वतःची, आणि ते जाणणारी माणसं वर्षानुवर्षं त्याच संस्थेत. गेम स्टुडिओंना नेमकी ही शेवटची गोष्ट जमत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठीच्या एव्हीजीसी-एक्सआर धोरणाला मंजुरी दिली. त्यामुळे ‘स्वदेशी इंजिन’ हा शब्द भाषणांतून आता वरचेवर ऐकू येणार. पबजी या मोबाइल गेमवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हाही असाच उत्साह होता. माझी सूचना साधी आहे: पैसे द्यायचेच असतील तर ते नव्या इंजिनला देऊ नका, गोडोसारख्या खुल्या इंजिनात आपल्या दहा-बारा लिप्या, स्वस्त अँड्रॉइड फोनांवरच्या चाचण्या आणि मराठीतली शिकवणी यांवर पूर्णवेळ बसणाऱ्या माणसांच्या पगाराला द्या.

राहिली प्रकल्पवाली मुलं. त्यांना इंजिन बनवू नका असं मी म्हणणार नाही, शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही. व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीत पडद्यावर पहिला त्रिकोण उमटायला हजारेक ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिल्यावर ग्राफिक्स कार्ड आतून काय करतं हे जन्मभर विसरत नाही. फक्त त्रिकोणाशी थांबू नका. बहुतेकांच्या डोक्यात शिवनेरीचा गेम असतोच, तर तटबंदी, दरवाजे, टाकी मांडता येतील असा छोटा एडिटर करा आणि तो कला शाखेतल्या, कोडचा गंध नसलेल्या मैत्रिणीच्या हाती द्या. तिने कोणाला न विचारता महादरवाजा बसवला पाहिजे, फाइल जतन केली पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्ड नसलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर ती उघडली तर दरवाजा जिथल्या तिथे मिळाला पाहिजे. निम्मं सेमिस्टर यालाच जाईल. त्या वेळात तोफेच्या धुराचा परिणाम राहून गेला तर राहू द्या.